पाणक्याचा कप

आमच्या मामेसासऱ्यांइतका मनापासून हरणारा माणूस अख्ख्या खानदेशात, तापीच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, दुसरा सापडायचा नाही. हरणारे तसे पुष्कळ असतात, मीही त्यातलाच. पण आपण हरतो ते नाइलाजाने, आणि नंतर चार दिवस त्याची कारणं सांगत हिंडतो. मामा तत्त्वाने हरत. उभी उमर सायकलच्या शर्यतींत भाग घेऊन ते कधी पहिले आले नव्हते, दुसरे-तिसरेही नाहीत, आणि हे ते अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला स्वतःच्या शाळेतल्या बक्षिसांची लाज वाटावी. "जावईबापू, पहिलं येणं हे एकाचं काम. त्याला पहिलं आणणं हे बाकी सगळ्यांचं. मी बाकी सगळ्यांतला," असं म्हणून ते मिशीवरून हात फिरवत. एवढ्या अभिमानाने मिशीवर हात फिरवणारे मी एरवी फक्त निवडून आलेले सरपंच पाहिले आहेत.

मी जळगावचा, बायको धुळ्याची. तिला पाहायला देवपुरात गेलो तेव्हा पोह्यांच्या आधी मामा आले. उंच, हडकुळे, मान पुढे काढलेली, खुर्चीवर बसले तरी हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे. त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही की पगार विचारला नाही. माझ्या पायांकडे बराच वेळ पाहिलं आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "पोटऱ्या बेताच्या आहेत. सपाटीवर चालेल, घाटात धाप लागेल." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या घरात लीडर कोण?" माझ्या वडिलांनी घसा खाकरला, आईने पदर सारखा केला, आणि दोघंही एकमेकांकडे बघेनात. "ठरलेलं नाही तर," मामा म्हणाले. "मग अवघड आहे. पहिल्या दिवशी लीडर ठरला नाही की तिसऱ्या दिवशी टीम फुटते." लग्न तरीही झालं. आमच्या संसारातला लीडर मात्र पहिल्याच दिवशी ठरला, आणि तो मी नव्हतो.

सायकलची शर्यत म्हणजे जो जोरात पायडल मारेल तो जिंकेल, अशी माझी तोवर भाबडी समजूत होती. ती मामांनी लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात दूर केली. शेवभाजीची वाटी त्यांनी ताटाच्या मध्यावर ठेवली. "हा लीडर. याला पुष्कळ दिवस, पुष्कळ टप्पे चालवायचं आहे. सगळ्या टप्प्यांचा वेळ एकत्र धरणार, ज्याचा कमी तो जिंकला. म्हणून रोज पहिलं यायची याला गरजच नाही. याने फक्त दमायचं नाही." मग कळण्याच्या भाकरीचे तुकडे वाटीच्या पुढे ओळीने मांडले. "हे याचे गडी. समोरचा वारा हे खाणार, हा त्यांच्या पाठीमागे आरामात. ही मिरची घाटात चढणारी. ही लिंबाची फोड शेवटच्या फर्लांगात जोर मारणारी, तोवर तिला कोणी हातही लावायचा नाही. आणि हा," शेवटी त्यांनी कांद्याची एक लहानशी चकती सगळ्यांच्या मागे ठेवली आणि तिच्याकडे मायेने बघत म्हणाले, "हा पाणक्या. मागे जायचं, टीमच्या गाडीतून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या पाठीला खोचायच्या, पुन्हा पुढे येऊन वाटायच्या. दिवसभर हेच. हा मी." वाटी, भाकरी, मिरची सगळं त्या वाऱ्यात उभं होतं आणि मी उपाशी होतो. शेवटी मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बठ्ठी टीम थंडी व्हई गई. जेवी ल्या आते!"

हे सगळं ताटापुरतं राहिलं असतं तर मामांचं व्यक्तिमत्त्व आटोक्यात राहिलं असतं. पण त्यांना जगात दुसरं काही दिसतच नसे. घरातलं प्रत्येक लग्न ही त्यांच्या लेखी टप्प्याटप्प्यांची शर्यत होती. हळद म्हणजे सपाट टप्पा, त्यात कोणी जोर लावायचा नाही. लग्न म्हणजे घाट. पाठवणी ही एकेकट्याने चालवायची शर्यत, तिथे ज्याने त्याने आपापलं रडायचं, दुसऱ्याच्या आडोशाने रडू नये. माझ्या धाकट्या मेव्हण्याच्या लग्नात नवरदेवाचे काका हळदीला बँडपुढे इतके नाचले की दुसऱ्या दिवशी मांडवात त्यांना खुर्चीवरून उठवेना, मंगलाष्टकांनाही ते बसूनच अक्षता टाकत होते. मामांनी मला कोपराने ढोसलं. "बघा. पहिल्या दिवशी एकटेच पुढे पळाले, टीव्हीवर दिसण्यापुरते. आता घाटात सापडले."

त्यांच्या मदतीचाही एक धाक असे. एकदा जळगावच्या स्टँडवर धुळ्याची बस लागली आणि नेहमीप्रमाणे माणसं खिडक्यांतून रुमाल टाकायला धावली. मामांनी आम्हाला आपल्या पाठीमागे ओळीत उभं केलं, खांदे वाकवले आणि गर्दीत शिरले. आम्ही त्यांच्या पाठीला चिकटून असे आत गेलो की बायकोच्या साडीची घडीही मोडली नाही. आम्हाला जागा मिळाल्या, पिशव्या वर लागल्या. मग "पाणी राहिलं" म्हणून मामा खाली उतरले, आणि बस सुटली. मी ओरडलो, कंडक्टर माझ्यावर ओरडला. खिडकीतून पाहिलं तर दोन्ही हातांत बाटल्या घेतलेले मामा फलाटावर उभे राहून समाधानाने हसत होते. मागच्या बसने ते धुळ्याला आले तेव्हा मी माफी मागायला लागलो. "अहो, लीडर गाडीत बसला ना? मग झालं," म्हणाले. लीडर म्हणजे माझी बायको, हे वेगळं सांगायला नको.

या वेडाची सुरुवात भुसावळजवळच्या दीपनगरची. मामा तिथल्या वीज केंद्रात फिटर होते. कॉलनीतल्या हौशी लोकांची एक सायकलची टीम होती. आसपासच्या कारखान्यांच्या टीमा येत, दोन-तीन दिवसांची शर्यत होई. मामांच्या टीमचा लीडर त्यांच्याच खात्यातला एक दणकट गडी होता आणि तो दरवर्षी काही ना काही जिंके. कॉलनीतल्या प्रत्येक क्वार्टरमध्ये तेव्हा बाहेरच्या खोलीत काचेचं शोकेस असे. कोणाच्या घरी कॅरमचे कप, कोणाच्या घरी व्हॉलीबॉलचे, लीडरच्या घरी तर कपांना एकमेकांच्या डोक्यावर उभं राहावं लागे. मामींच्या शोकेसमध्ये मात्र एक टी-सेट होता, जो कधी वापरला नाही, आणि एक प्लॅस्टिकचा पोपट. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी शोकेसकडे बघत, मग मामींकडे. चिखलाने भरलेली बनियनं धुवायची आपण, आणि कप शेजारच्या घरात, हे मामींना आयुष्यभर लागून राहिलं. त्या भांडत नसत. फक्त पोपट पुसताना म्हणत, "एक कप. मोठा नही, धाकला चाली. एक दाव ते."

मामा यावर गंभीरपणे उत्तर देत, "पाणक्याला कप नसतो गं." आणि विषय संपे. तो त्यांच्या बाजूने संपे, मामींच्या बाजूने कधीच संपला नाही.

निवृत्तीनंतर मामा देवपुरात येऊन राहिले आणि वर्षभरात त्यांनी तिथे नवी टीम उभी केली. एक होमिओपॅथीचे डॉक्टर, एक कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून आणि एक हार्डवेअरचे दुकानदार शेठ. शेठचं वजन सगळ्यांत जास्त म्हणून मामांनी त्यांनाच लीडर केलं. "यांच्या मागे आडोसा चांगला मिळेल" असं कारकुनांनी सुचवून पाहिलं, पण मामांचं म्हणणं, ज्याला मदतीची सगळ्यांत जास्त गरज तोच लीडर. रोज पहाटे ही मंडळी पांझरेच्या पुलावरून निघून लळिंगच्या चढापर्यंत जात. पुढे मामा वारा खात, मध्ये शेठ, दोन बाजूंना डॉक्टर आणि कारकून. शेठ दमले की मामा त्यांच्या पाठीला हात लावून चढावर ढकलत. शेठचं वजन काही उतरलं नाही. मामा मात्र दिवसेंदिवस वाळत गेले आणि त्यांचे गुडघे करकरायला लागले.

एका सकाळी डॉक्टरांनी टीममधला गडी म्हणून नव्हे, डॉक्टर म्हणून सांगितलं, "मामा, हा हिवाळा शेवटचा. पुढे सायकल बंद." मामांनी मान डोलावली आणि डॉक्टरांच्या सायकलीत हवा भरायला घेतली. बातमी मामींपर्यंत गेली. त्याच सुमारास साठीच्या पुढच्यांसाठी जळगाव ते धुळे अशी तीन टप्प्यांची शर्यत जाहीर झाली. पहिला टप्पा एरंडोलपर्यंत, दुसरा पारोळ्यापर्यंत, तिसरा धुळ्यापर्यंत. एकूण जिंकणाऱ्याला मोठा कप, शिवाय प्रत्येक टप्प्याचा एक धाकटा कप. ही शेवटची संधी होती, आणि ती मामांपेक्षा मामींची होती. मामा अंघोळीला गेलेले पाहून त्यांनी टीमला चहाला बोलावलं, मलाही बसवलं आणि सरळ सांगितलं, "या डाव यासले पुढे जाऊ द्या. बाकी माले काही नको." त्यांचे डोळे भरले होते. शेठ बिचारे इतके गहिवरले की "माझा लीडरपणा तुम्हाला दिला" म्हणून चहा सांडून बसले.

पण मामांना जिंकायला लावायचं कसं? सांगून ते ऐकणारे नव्हते. कारकूनसाहेबांनी सुचवलं, "आपण सगळे मागे राहू." त्यावर डॉक्टर म्हणाले, "मग तेही मागे येऊन बसतील." खरंच होतं. पहिल्या टप्प्यावर त्यांनी तसं करून पाहिलं तर मामा शेठच्या चालीने चालत सगळ्यांच्या शेवटी एरंडोलला पोहोचले, आणि वर "आज कोणी पडलं नाही, उत्तम टप्पा" म्हणून खूश. दुसऱ्या दिवशीही तेच. पारोळ्याला रात्रीचं जेवण चालू असताना शेठना युक्ती सुचली. दुकानात गिऱ्हाइकाला हवा तो खिळा विकण्याऐवजी आपल्याकडे आहे तो कसा विकायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी मी स्कूटरवर पंप आणि ट्यूब घेऊन मागे होतो, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. मुकटीच्या पुढे एका हॉटेलवर मामा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या बाटल्या भरायला उतरले. तेवढ्यात शेठ आपल्या सायकलसकट कापसाच्या एका ट्रॉलीमागे जाऊन उभे राहिले. मामा बाटल्या पाठीला खोचून आले तर डॉक्टर कपाळाला हात लावून बसलेले. "मामा, शेठ पळाले! एकटेच पुढे गेले. जोशात आले एकदम."

"बाटली घेतली?"

"नाही ना!"

मामांच्या चेहऱ्यावर जी काळजी उतरली ती मी आईच्या चेहऱ्यावर पाहिलेली आहे, आमच्यापैकी कोणी डबा विसरून गेलं की. ते तसेच सायकलवर बसले आणि निघाले. त्या दिवशी वारा समोरून होता. पुढे बाकीच्या टीमांचे म्हातारे आपापल्या घोळक्यांत एकमेकांच्या आडोशाने निवांत चालले होते. मामा एकटे, समोरचा सगळा वारा अंगावर घेत, एकेका पाठीला गाठायचे, शेजारी जाऊन तोंड बघायचे, "हे नाहीत" म्हणायचे आणि पुढच्या पाठीमागे लागायचे. जळगावच्या टीमचा लीडर दोन दिवस पहिला आलेला. त्याच्याही तोंडाकडे त्यांनी वाकून पाहिलं. तो बिचारा घाबरला. "आमचे शेठ दिसले का?" मामांनी विचारलं. त्याने नाही म्हणताच मामा आणखी जोरात निघाले, कारण त्याच्याही पुढे शेठ गेले असतील तर त्यांना किती तहान लागली असेल! फागणे मागे पडलं, शहर दिसायला लागलं. शर्यतीची फीत मामांनी छातीने तोडली, तिच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. ती गळ्यात घेऊनच ते पुढे बाजाराच्या दिशेने जात राहिले. मी स्कूटर आडवी घातली तेव्हा कुठे थांबले. "मामा, संपली शर्यत! तुम्ही पहिले आलात!" ते धापा टाकत माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग शेठ कुठे आहेत?"

शेठ पाऊण तासाने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आले. सगळं उलगडल्यावर मामा रागावले नाहीत, रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. त्या टप्प्याचा धाकटा कप हातात घेऊन ते एवढंच म्हणाले, "म्हणजे माझ्या पुढे कोणी नव्हतंच? मग मी पाणी कोणासाठी नेत होतो?" आम्ही सगळे हसत होतो. मी मात्र त्यांच्या पाठीच्या बाटल्या काढून घेतल्या, सगळ्या अजून भरलेल्या होत्या.

आता मामींनी शोकेसमधला पोपट काढून ठेवलेला, खालची काच पुसून पुसून लख्ख केलेली. पण मामांचं तत्त्व आडवं आलं. लीडर जिंकला तरी कप टीमचा असतो. त्यांनी कप आधी डॉक्टरांकडे नेला, आठवडाभर ठेवायला. मग कारकुनांकडे. मग शेठकडे, जिथे तो गल्ल्याशेजारी खिळ्यांच्या डब्यांत उभा राहिला आणि एका गिऱ्हाइकाने त्याची किंमतही विचारली. मग मामांना वाटलं, आपल्याला पायडल मारायला ज्यांनी शिकवलं त्या दीपनगरच्या गड्यांचाही यात वाटा आहे. कप भुसावळकडे गेला, तिथे या घरून त्या घरी. प्रत्येक घरी मामा स्वतः नेऊन देत, फोटो काढत आणि चहा पिऊन परत येत. मामी रिकाम्या कप्प्याकडे बघत. काही आठवडे असेच गेले.

मग एके दिवशी मी गेलेलो असताना मामा कपाची पुढची घरं बोटांवर मोजत होते. मामी भाकरी थापता थापता थांबल्या. हात पिठाचेच. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "इतला वरीस तुमना पुढे मी वारा खादा. तुमनी रातपाळी ऱ्हाये तवय पोरीसले गप मी बसाडं. तुमना मायना दवाखाना मी कया. तुम्हीन सायकल चालाडत ऱ्हायनात. मंग मी टीममा शे का नही? मन्हं घर त्या फेरीमा येस का नही?"

मामांची बोटं तशीच उभी राहिली. एवढं आयुष्य टीम मोजण्यात गेलेल्या माणसाला घरातला गडी मोजायचं सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही दोघं भुसावळला गेलो. कप तेव्हा त्यांच्या जुन्या लीडरच्या घरी होता, त्याच्या सगळ्या कपांच्या पुढे. "माझा आठवडा अजून संपला नाही," जुना लीडर कुरकुरला. मामा म्हणाले, "एक जण मोजायचा राहून गेला." "कोण?" मामांनी सांगितलं. जुन्या लीडरने शर्टाच्या टोकाने कप पुसून मामांच्या हातात दिला. परतीच्या वाटेवर मामांनी तो पिशवीत ठेवला नाही, धुळ्यापर्यंत मांडीवर धरून बसले. घरी पोचल्यावर चपलाही न काढता त्यांनी तो मामींपुढे धरला. मामींनी कप घेतला आणि विचारलं, "जेवनं व्हयनात का?"

आता मामा सायकल चालवत नाहीत. पावसाळ्यात फ्रान्समधली ती तीन आठवड्यांची शर्यत टीव्हीवर लागते तेव्हा ते आवाज बंद करून बघतात आणि स्वतःच बोलत राहतात. पूर्वी मामी त्या वेळी आतल्या खोलीत असत. आता डाळ निवडायला घेऊन शेजारी बसतात. त्यांना कोण जिंकतंय याचं काही नसतं. परवा मी गेलो होतो तेव्हा घाट चालू होता, पुढे लीडरांची झटापट, आणि एका क्षणात पडद्यावर मागे पडलेला, पाठीला बाटल्या खोचलेला एक पोरगेला गडी दिसून गेला. "तो कोन शे?" मामींनी विचारलं. "पाणी वाटणारा. संपला आता तो, त्याचं काम झालं," मामा म्हणाले. पुढे शर्यत रंगली, कोणीतरी हात वर करून जिंकलं, फुलं झाली, आणि जाहिराती लागल्या. मी बातम्या लावायला रिमोट उचलला.

"थांबा जवाईबापू," मामी म्हणाल्या. "तो पोऱ्या ऊना का, ते तं देखू द्या."

"त्याला दाखवत नाहीत गं," मामा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. "येतो तो. उशिरा येतो, पण येतो."

मामींनी माझ्या हातातून रिमोट घेतला आणि डाळीच्या ताटाशेजारी ठेवला. मग आम्ही तिघं साबणाच्या आणि सिमेंटच्या जाहिराती बघत बसून राहिलो, मधूनच कुठेतरी तो येताना दिसेल म्हणून.